सीटखालची धुम

नवविधा भक्तीत पहिली श्रवणभक्ती. दासबोधाच्या चौथ्या दशकाची सुरुवातही तिच्यापासूनच होते. मग ज्याचे कानच गेले, त्याची पहिली पायरी निखळली असं समजायचं का? हा प्रश्न मला ठाकुर्लीच्या एका काकांनी विचारला, माझ्या कल्याणच्या दुकानात, त्यांच्या मुलाच्या गाडीची पुढची सीट उचलून बाहेर ठेवलेली असताना.

मी गाड्यांना साउंड सिस्टिम बसवतो. काकांनी नोकरीची सगळी वर्षं मुंबईला जाणाऱ्या लोकलच्या भजनी मंडळात मृदंग वाजवला. आता कानाला यंत्र लावून समोरच्याचं बोलणं थोडंफार कळतं, पण धुमेचा, म्हणजे मृदंगाच्या डाव्या तोंडाचा, घुमार गेला तो गेलाच. मुलाने कुठेतरी बेस शेकर पाहिला आणि वडिलांना घेऊन आला.

शेकर म्हणजे तळहाताएवढा जाड गोल डबा. आत स्पीकरसारखंच चुंबक आणि कॉइल, पण कागदाचा कोन नाही. त्याच्या जागी एक वजन हलतं, आणि डबा ज्याला बोल्ट केलाय ते सगळं थरथरतं. हवेला फारसं काही कळत नाही, बसलेल्याच्या मांडीला आणि पाठीला कळतं. सीट काढण्याआधी बॅटरीची तार सोडवावीच लागते, कारण सीटखालचा पिवळा कनेक्टर एअरबॅगचा असू शकतो. डबा फोमला लावला तर फोमच सगळं पिऊन टाकतो. तो लोखंडी फ्रेमलाच घट्ट बसवायचा. लो-पास, म्हणजे ज्याच्या वरचे सूर अडवले जातात ती हद्द, मी नेहमी ८० हर्ट्झवर ठेवतो. काकांसाठी १२० पर्यंत नेला, कारण त्याखाली धुम अर्धवट येत होती.

मुलाने अभंग लावला. काकांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांची डाव्या हाताची बोटं मांडीवर पडू लागली, ठेक्यावर, बरोबर समेला. मग ओठ हलले. अभंगाचे शब्द ते स्वतःच म्हणत होते, गायकाच्या बरोबरीने.

मग त्यांनी विचारलं, "अरे, हे श्रवण झालं का रे?"

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वारी आहे, त्यामुळे हा प्रश्न मला हसण्यावारी नेता आला नाही. न्याय-वैशेषिकांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण, आणि तो फक्त कानालाच कळतो. कातडीला कळतो तो स्पर्श. त्या हिशेबाने काकांना अभंग ऐकू आलाच नाही, त्यांच्या पाठीला फक्त ठेका लागला. दुसरीकडे, अशा थरथरीला अनाहत, म्हणजे आघाताशिवाय उमटणारा, नाद म्हणणारे लोकही मला भेटतात. ते मला मान्य नाही. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला राहिलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त आहत आणि अनाहत हे दोन नाद वेगळे सांगितले आहेत. वजन हलवून काढलेला नाद आहतच. साधनेने जे मिळतं ते ॲम्प्लिफायरचं बटण फिरवून मिळतं असं सांगणं म्हणजे फसवणूक.

तरी काकांना जे झालं ते खरं होतं. अंध आणि बहिऱ्या हेलन केलरने १९२४ साली रेडिओच्या थरथरणाऱ्या पडद्यावर बोटं ठेवून बेथोव्हेनची नववी सिंफनी अनुभवली आणि तसं पत्र वाद्यवृंदाला लिहिलं. तिला त्यात काय सापडलं ते तिचं. काकांचं मला इतकंच दिसलं, की शेकरमधून टाळ येत नाही, अक्षर तर नाहीच; येतो फक्त ठेका. शब्द त्यांच्याच आत होते, लोकलच्या डब्यात घोटून घोटून बसलेले. पाठीला लागलेल्या धुमेने ते जागे केले. म्हणून मी म्हटलं, "काका, हे श्रवण नाही. हे स्मरण आहे. नवविधा भक्तीतली तिसरी."

त्यांना ते पटलं. मला मात्र त्यातली एक उणीव छळते. जो जन्मतःच बहिरा आहे, ज्याच्या आत एकही अभंग कधी गेलाच नाही, त्याला हा डबा फक्त हादरे देईल. स्मरणाला आधी श्रवण लागतं, आणि त्याचं श्रवण हातांच्या खुणांतूनच व्हायला हवं.

विसर्जनाच्या मिरवणुकीतला डीजेही छातीत असाच बेस भरतो. फरक एवढाच, की तिथे रस्त्यावरच्या म्हाताऱ्याला आणि तान्ह्या बाळाला कोणी विचारत नाही. लाउडस्पीकर हा धर्माचा आवश्यक भाग नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं. थरथरीतूनच भक्ती जागी होत असेल तर ती ज्याच्या त्याच्या सीटखाली राहू शकते, हे मी रोज हाताने बसवून पाहतो.

ठाणे, डोंबिवली, कल्याणमध्ये सप्ताह भरवणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे. भिंतीएवढ्या स्पीकरांतला एक जोड कमी करा. त्या पैशात सांकेतिक भाषा जाणणारा एक माणूस कीर्तनकाराशेजारी उभा करा, आणि बहिऱ्या माणसांना मृदंगाजवळ, लाकडी मंचावर बसवा. मंचाखाली चार शेकर लागले तर ते बसवायला मी येईन.