पाप ओळखणारा आणि पाप विचारणारा : फादर ब्राउनच्या कथांतील एक नैतिक प्रश्न

रहस्यकथेचा विचार बहुधा ज्ञानमीमांसेच्या अंगाने होतो. काय घडले, ते कसे कळले आणि कळल्याचा पुरावा कोणता, हे तिचे रूढ प्रश्न. जी. के. चेस्टरटन ह्यांनी १९१० मध्ये फादर ब्राउन हा कॅथलिक धर्मगुरू शोधक म्हणून उभा केला, तेव्हा ह्या प्रश्नांना एका नैतिक प्रश्नाची जोड मिळाली. दुसऱ्याचे पाप जाणणे म्हणजे नेमके काय, आणि त्या जाणण्यातून जाणणाऱ्याला कोणता अधिकार प्राप्त होतो? चेस्टरटन स्वतः कॅथलिक झाले ते १९२२ मध्ये. पहिले दोन संग्रह (१९११, १९१४) त्याआधीचे आहेत. तेव्हा हा धर्मगुरू म्हणजे केवळ पंथप्रचाराचे साधन नव्हे. तो एक वैचारिक प्रयोगही आहे.

ह्या प्रयोगाचे सूत्र ‘द सीक्रेट ऑफ फादर ब्राउन’ (१९२७) ह्या संग्रहात उघड होते. गुन्हेगाराला एखाद्या कीटकासारखे बाहेरून न्याहाळणारे शास्त्र फादर ब्राउनला मान्य नाही. तो गुन्हेगाराच्या आत शिरतो. आपल्या हातूनही हेच घडू शकले असते ह्या प्रत्ययापर्यंत पोचतो, आणि मगच उलगडा करतो. ‘द हॅमर ऑफ गॉड’ ह्या कथेत विल्फ्रेड बोहन हा पाद्री चर्चच्या उंचीवरून हातोडा टाकून सख्ख्या भावाचा जीव घेतो. फादर ब्राउनला हे उमगते, कारण आपणही माणूसच आहोत आणि ती सारी दुष्टता आपल्याही ठायी आहे, हे तो जाणतो. परंतु तो पोलिसांकडे जात नाही. निर्णय तो अपराध्यावर सोपवतो, आणि बोहन स्वतःहून गुन्हा कबूल करतो.

येथे एक पेच निर्माण होतो. अपराध आतून समजला म्हणजे अपराध्याला मोकळे सोडण्याचा अधिकार मिळाला, असे म्हणता येईल काय? मृताच्या बाजूने बोलणारे ह्या व्यवहारात कोणीच नाही. एक सांगणारा, एक ऐकणारा आणि मध्ये गुप्ततेची शपथ, एवढ्यातच न्यायाचे प्रकरण मिटते.

कबुलीचा हा एकान्त मराठी वाचकाला परका वाटतो. मात्र कबुलीची संस्था आपल्या भूमीला अपरिचित नाही. नाणेघाटातून चढून येणारा प्राचीन व्यापारी मार्ग जुन्नरला पोचे. तेथील लेण्याद्री, शिवनेरी, तुळजा आणि मानमोडी ह्या डोंगरांतील लेण्यांत भिक्षुसंघ वास करीत असे. विनयाच्या नियमानुसार दर पंधरवड्याच्या उपोसथाला पातिमोक्खाचे पठण होई, आणि दोष घडलेल्या भिक्षूने तो त्यापूर्वी सहभिक्षूपाशी उघड करावा अशी अपेक्षा असे. गंभीर दोषाचा निर्णय मात्र कोणा एकाचा नसे, संघाचा असे. विनयग्रंथांतील प्रसंगांत आणखी एक गोष्ट वारंवार आढळते. कृत्य घडले तेव्हा मनात काय होते, हे त्या भिक्षूलाच विचारले जाते. हेतू नसेल तर दोषाचे स्वरूप पालटते, क्वचित दोषच उरत नाही.

दोन्ही परंपरांत महत्त्व अंतःकरणाला आहे. फरक आहे तो तेथे पोचण्याच्या वाटेत. फादर ब्राउन ते कल्पनेने गाठतो. विनय ते विचारतो. वरवर अल्प वाटणाऱ्या ह्या भेदाचे मोल ‘द राँग शेप’ ह्या कथेत कळते. एका इंग्रज कवीच्या घरी राहणाऱ्या भारतीय फकिरावर तीत संशयाची छाया पडते. खुनी शेवटी इंग्रज डॉक्टर निघतो, फकीर निर्दोष ठरतो. तरीही त्याच्या मोजक्या शब्दांवरून फादर ब्राउन एका समग्र तत्त्वदृष्टीवर निर्णय देऊन मोकळा होतो. पौर्वात्य सुऱ्याचा आकारच त्याला दुष्ट वाटतो. इंग्रज खुन्याच्या आत सहज शिरणारी कल्पना निरपराध परकीयाच्या उंबरठ्याशी थबकते. ज्याला आपण आधीच आपल्यासारखा मानतो, त्याच्याच जागी आपण स्वतःला ठेवू शकतो. सहानुभूतीची ही मर्यादा लेखकाच्या लक्षात आलेली दिसत नाही.

ही कथा ज्या संग्रहात आहे, तो १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी हिंदुस्थानातील ‘गुन्हेगार जमाती’संबंधीचा १८७१ चा कायदा नव्या स्वरूपात मुंबई इलाख्यासह देशभर लागू करण्याची तरतूद झाली, आणि नोंदलेल्या माणसांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार शासनाला मिळाला. १९५२ मध्ये रद्द होईपर्यंत ह्या कायद्याने अपराध जन्माशी जोडला. कोणाच्या अंतःकरणात शिरण्याची वा कोणाला विचारण्याची गरजच त्यात उरली नव्हती. ज्या बाह्य दृष्टीला फादर ब्राउन नाकारतो, तिचे हे अंतिम रूप होय. त्याच्या पद्धतीचे नैतिक मोल येथे स्पष्ट होते, आणि अपुरेपणही. ज्यांच्यावर हा कायदा लादला गेला, त्यांच्यापर्यंत ती पद्धत पोचलीच नसती.

मराठी रहस्यकथेने धर्मगुरूला शोधक केले नाही. बाबूराव अर्णाळकरांच्या हजाराहून अधिक पुस्तकांतील झुंजारसारखा नायक कायद्याच्या कडेवर उभा राहून न्याय करतो. पापाच्या मीमांसेत तो पडत नाही. ह्या परंपरेला फादर ब्राउनकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. अपराधी ही वेगळी जात नव्हे, हे भान त्यात प्रथम येते. पण ते घेताना जुन्नरच्या डोंगरांतील भिक्षुसंघ ज्या नियमाने बांधलेला होता, त्याचीही आठवण ठेवणे इष्ट. दुसऱ्याच्या मनात काय होते, ह्याविषयीची आपली कल्पना कितीही उदार असली, तरी त्याच्या उत्तराची जागा ती घेऊ शकत नाही. आणि क्षमेचा प्रश्न तर त्या उत्तरानंतरच सुरू होतो.