पापाचे वाटेकरी

आमच्या मलकापूर शाखेत पाऊस आणि गिऱ्हाईक दोन्ही न विचारता आत येतात. परवा आमचे दूधवाले मामा आले. दोन म्हशींसाठी कर्ज हवं होतं. मी कम्प्युटरला विचारलं. तो नाही म्हणाला.

“का वो सायेब?”

“मामा, तुम्ही आजवर कर्जच काढलं नाही, म्हणून गुण कमी पडले.”

“म्हंजे कर्ज न्हाई म्हणून कर्ज न्हाई व्हय?”

मी बी.कॉम. असल्यामुळे निरुत्तर झालो.

२००० साली सिबिल स्थापन झाली आणि पुढं माणसाची पत ३०० ते ९०० च्या आकड्यांत बसू लागली. आमच्या बँकेनं त्यावर स्वतःचं मॉडेल चढवलंय. (कॅलेंडरवरचं नव्हे, गणिताचं.) त्यासाठी मुंबईच्या मुख्य कचेरीत तीन खाती आहेत. पहिलं मॉडेल बनवतं, दुसरं ते तपासतं, तिसरं किती गुणांना कर्ज द्यायचं ते ठरवतं. व्यवस्था उत्तमच. व्हाउचर लिहिणाऱ्यानं ते पास करू नये, हे आम्ही पहिल्याच दिवशी शिकतो. २००८ च्या पडझडीनंतर अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हनंही २०११ मध्ये बँकांना हेच बजावलं: मॉडेल तपासणारा माणूस बनवणाऱ्यापेक्षा वेगळा हवा.

मी तिन्ही खात्यांना फोन लावले.

पहिलं म्हणालं, “आम्ही फक्त बनवतो.”

दुसरं म्हणालं, “गणित बरोबर आहे.”

तिसरं म्हणालं, “आम्ही फक्त रेघ ओढतो. ग्राहकाशी तुम्हीच बोलता ना?”

मला वाल्या कोळी आठवला. पापात वाटेकरी व्हाल का, असं त्यानं घरी विचारलं. सगळे नाही म्हणाले, म्हणून तर बिचारा सुधारला! आमच्याकडे चूक सापडावी म्हणून काम वाटलं, पण जबाबदारीही अशी वाटली गेली की कुणाच्याच पानात पडली नाही.

आणि चौथा वाटेकरी काउंटरवरचा मीच. “कम्प्युटर नाही म्हणतो” म्हणून मोकळा झालेला. वीस वर्षं मी मामांचं दूध पितोय. दुधात पाणी किती आणि मामा शब्दाला पक्के किती, दोन्ही मला ठाऊक. मीच गप्प बसलो, तर मुंबईच्या मॉडेलला ते कळणार कसं?

शेवटी मॅनेजरसाहेबांना शिफारशीचं एक पान लिहिलं. खाली सही करताना हात जरा थरथरला. रोज शंभर सह्या करणारा माणूस मी, पण ही सही माझी स्वतःची होती.

कर्जाचं अजून काही कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी दूध मात्र किंचित दाट वाटलं. पण ते कुणाकडून तपासून घेतलेलं नाही.