कागद असलेला आणि नसलेला

२००६ साली इंटरनेट एक्स्प्लोअररमध्ये एखाद्या पानावरचा खेळ किंवा फिरणारे चित्र लगेच हाताला लागत नसे. भोवती चौकट उमटे, आधी क्लिक करून त्याला जागे करावे लागे. जगभरच्या बोटांवर पडलेला हा जादा क्लिक मायक्रोसॉफ्टने एका पेटंटला बगल देण्यासाठी घातला होता.

पेटंट कॅलिफोर्निया विद्यापीठाचे. तिथल्या सॅन फ्रान्सिस्को शाखेत मायकेल डॉइल आणि दोन सहकाऱ्यांना मानवी गर्भाची त्रिमितीय चित्रे ब्राउझरच्या पानातच फिरवून पाहता यायला हवी होती. त्यासाठी शोधलेल्या युक्तीवर १९९४ मध्ये पेटंटचा अर्ज केला, १९९८ मध्ये तो मंजूर झाला. डॉइलच्या इओलास या चिमुकल्या कंपनीने दावा ठोकला आणि २००३ साली शिकागोच्या ज्यूरीने मायक्रोसॉफ्टला ५२ कोटी डॉलरचा दणका दिला. इथवर गोष्ट आपल्या आवडीची आहे. धाकट्याने थोरल्याला कोर्टात लोळवले की आपण टाळ्या वाजवतो, मीही वाजवतो.

पण पेई-युआन वेई नावाचा आणखी एक धाकटा या खटल्यात होता. त्याच विद्यापीठाच्या बर्कली शाखेत शिकलेल्या या तरुणाने व्हायोला नावाचा ब्राउझर लिहिला. पानाच्या आत दुसरा प्रोग्रॅम चालवण्याची करामत त्याने मे १९९३ मध्येच सन मायक्रोसिस्टिम्सच्या अभियंत्यांना दाखवली होती. पेटंट मात्र घेतले नाही. शिकागोच्या न्यायाधीशांनी व्हायोलाच्या पुराव्याचा विचार ज्यूरीला करूच दिला नाही. कारण मोठे मासलेवाईक: वेईने पुढे सुधारित आवृत्ती काढली, म्हणजे आधीची त्याने टाकून दिली! अपील न्यायालयाने २००५ मध्ये हा तर्क खोडून काढला. पुढे २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने तडजोड केली.

इथे टाळ्या अडखळतात. पेटंटाचा मसुदा सहसा वकिलाकडून लिहून घ्यावा लागतो, त्याला पैसा आणि सवड लागते. विद्यापीठ पाठीशी असेल तर ते जमते. ज्याने आपले काम जगासाठी नेटवर मोकळे सोडले, त्याच्याकडे असला कागद नसतो. कायदा त्याला लुटत नाही, हे खरे. पण देतो काय? साक्षीदाराचा पिंजरा, आणि तोही एखाद्या बड्या कंपनीला स्वतःच्या बचावासाठी त्याची गरज पडली तरच. डॉइलने काही चोरले असे मी म्हणत नाही. त्याला ती कल्पना स्वतंत्रपणे सुचली असेलही. मक्तेदारी मात्र पुढच्या सगळ्यांवर बसते, आणि त्यात वेईसारखेच अधिक.

इओलासने नंतर गूगल, ॲमेझॉन, याहू अशा अनेकांना टेक्सासमधल्या टायलर गावी कोर्टात खेचले. फेब्रुवारी २०१२ मध्ये तिथे वेईने साक्ष दिली, वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनीही दिली. ज्यूरीने पेटंटातले वादग्रस्त दावे रद्द ठरवले. कोट्यवधी डॉलर वाचले ते गूगल आणि ॲमेझॉनचे. ज्यांनी निकालाआधीच पैसे मोजून तडजोड केली होती त्यांचे ते गेलेच. व्हायोलाच्या नावावर मात्र कुठलीच रक्कम कधी मांडली गेली नव्हती.