श्रमांतील विरंगुळा

कामाच्या धबडग्यांत गाणें ऐकणें किंवा पुस्तक वाचणें हा वेळेचा अपव्यय होय काय, असें कित्येक विचारितात. आम्हांस तसें वाटत नाहीं. आमच्या आयाबाया पहाटे जात्यावर बसत, तेव्हां ओवीनें दळण थांबत नसे. उलट हात हलका होई. हेमा राईरकर, गी पॉइटवाँ व त्यांचे सहकारी यांनीं अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. आतां गिरणी आली, आणि गाणें मोबाईलांतून कानीं येतें. त्यांत पाप नाहीं. मात्र ओवी शेजारणीसही ऐकूं जाई. कानांत यंत्र घालून बसलेल्यास दारींची हाकहि ऐकूं येत नाहीं. यास्तव, प्रिय वाचकहो, आनंद अवश्य घ्यावा. परंतु एक कान दाराकडे असावा, आणि आवडलेलें पान घरांत मोठ्यानें वाचून दाखवावें.