किती तास लागतील?



घरातले कुणी देवाघरी गेले की आपल्याकडे दुःखाच्या पाठोपाठ एक हिशेब सुरू होतो. मुंबईचा मुलगा कधी पोहोचेल? माती आज संध्याकाळी ठेवायची की उद्या सकाळी? पूर्वी तार मिळायलाच दिवस जायचा. जो पोहोचला नाही त्याला कुणी बोल लावत नसे. लांब होता बिचारा, एवढे म्हणून विषय संपे.

आता मयताच्या घरीच कुजबुज होते : विमानाने तासाभराचे तर काम, मग का नाही आला? मुंबई ते नांदेड हवाई अंतर सुमारे ४७० किलोमीटर, उड्डाण सव्वा तासाच्या आसपास. पण हा तास फसवा आहे. नांदेडची विमाने २०१७ साली उडान योजनेतून पुन्हा सुरू झाली, मध्ये बंद पडली, पुन्हा सुरू झाली. लातूरला धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी सेवा टिकली नाही. मुंबईच्या विमानतळावर दोन तास आधी जायचे, नांदेडला उतरून रेणापूरपर्यंत आणखी अडीच-तीन तास गाडीने. सगळे मिळून सहा-सात तास होतात. रात्रीच्या लातूर एक्स्प्रेसने निघालेला माणूस त्याच्या फार मागे नसतो.

तरी प्रश्न उरतोच. येण्याची सोय झाली की न येणे हा आपला निर्णय होतो. तो अंतराच्या माथी मारता येत नाही. ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे आहेत त्याने हे स्वतःला विचारावे. पण ऊसतोडीला गेलेल्याला कुणी विचारू नये. त्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते, फडावरून सुटका नसते. कारखाना दोनशे किलोमीटरवर असला तरी तो मुंबईकरापेक्षा लांब असतो. दोघांना एकच माप लावणे आम्हाला अन्यायाचे वाटते.

योहानाच्या शुभवर्तमानात लाजरसच्या आजाराचा निरोप मिळूनही प्रभू येशू दोन दिवस होता तिथेच राहिला. तो बेथानीला आला तेव्हा लाजरसला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था गावाबाहेर जाऊन त्याला भेटली आणि तो वेळेवर असता तर भाऊ वाचला असता, हे तिने तोंडावर सांगितले. प्रभूने अंतराची सबब पुढे केली नाही. तो कबरेकडे निघाला आणि रडला. योहान तिथेच एक साधी गोष्ट नोंदवतो : बेथानी यरुशलेमपासून जवळ, म्हणजे आजच्या मापाने तीनेक किलोमीटरवर होते, आणि तिथले पुष्कळ लोक त्या दोघी बहिणींचे सांत्वन करायला आधीच येऊन बसले होते. त्यांची नावे शुभवर्तमानात नाहीत.

मागे आपल्यातल्या एक आजी लातूरला दवाखान्यात तीन आठवडे होत्या. रेणापूरहून वीसेक किलोमीटर, एसटीने पाऊण तास. त्यांच्या मातीला आपण सगळे हजर होतो, आणि मुलाला उशीर का झाला यावर बोलत होतो. दवाखान्यात मात्र आपल्यातले दोघेच जाऊन आले होते.