कडेची माणसं

पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीत लग्न असलं की सपाट जागा म्हणजे घरापुढचं खळं, तेवढीच. मे महिना, मुंबईचे चाकरमानी आलेले, भावकी धरून शंभर-सव्वाशे माणसं. "भाऊ, सगळी आली पायजेत हां फोटोत!" एवढं सांगून यजमान मोकळे. मग मी डोंगराचंच स्टेज करतो. पोरं खाली बसवायची, म्हातारी खुर्च्यांवर, बायका ओटीच्या पायऱ्यांवर, बाप्ये मागच्या बांधावर आणि मी टेम्पोच्या टपावर. रुंद लेन्सवर कडेचे चेहरे ताणले जातात, म्हणून अल्बमला देताना मी कडा कापायचो.

अशाच एका लग्नात नवरदेवाची चुलत आजी चुलीपाशी उभी होती. विधवा बाई. मी हाक मारली, तर "मी कशाला रे बाबा? तुमी घ्या" म्हणत कडेला सरकली. ऊन उतरत होतं. मी बटण दाबलं.

२२ जुलै २०२१ला महाड पाण्याखाली गेलं. त्याच दिवशी तळीयेत, रात्री पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडी कोसळल्या. तिथं माणसंच गेली. माझी हार्ड डिस्क गाळात गेली, त्याचं दुःख कुणाला सांगायचं? पण पुढच्या वर्षी तो नवरदेव दुकानात आला. आजी म्हातारपणानं गेली होती. आधार कार्डावरचा फोटो सोडला तर तिचा एकही फोटो घरात नव्हता. आम्ही अल्बम उघडला. उजव्या कडेला हिरव्या लुगड्याचा पदर आणि कोपर दिसत होतं, बाकीचं मी कापलेलं. मूळ फोटोत ती असणार, पण तो गाळात गेला.

ती स्वतःच सरकली होती, मग माझा काय दोष? बरेच दिवस मी मनाला हेच सांगितलं. पण "मी कशाला" हे तिचं म्हणणं तिचं एकटीचं नव्हतं. शुभकार्यात मागं राहायचं, हे तिला चाळीस वर्षं शिकवलेलं होतं. तिचा नकार मला सोयीचा होता, म्हणून मी तो लगेच मानला. खरा नकार असता तरी कडा कापायचा निर्णय तर माझाच होता ना?

उलट बाजूही आहे. हात धरून कुणाला ओढून फोटोत आणणं हीसुद्धा जबरदस्तीच.

आता मी टपावर चढण्याआधी चुलीपर्यंत जातो. वाढपी, भांडी घासणाऱ्या, कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या, सगळ्यांना नात्यानं हाक मारतो आणि घरच्या कुणाला तरी न्यायला पाठवतो. बोलावणं घरच्यांचं असलं की पाय उचलतात. तरी गेल्या वर्षी एक काकी नाहीच म्हणाल्या. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा नाही.

कडा मात्र आता कापत नाही. चेहरा थोडा ताणलेला दिसला तर दिसू दे.