वहीतली रिकामी ओळ

घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना संध्याकाळी घरी पोहोचण्याची घाई असते. रस्त्याला मात्र ती नसते. कापूरबावडीपासून पातलीपाड्यापर्यंत वाहने मुंगीच्या पावलांनी सरकतात. दुपारचा डबा केव्हाच जिरलेला असतो. मग नाक्यावरचा वडापाव हाती येतो आणि घरी आल्यावर पूर्ण जेवणही होते. वडापाव जेवणात धरायचा नसतो, असा जणू आपला अलिखित नियमच आहे!

गेल्या वर्षी आम्हा उभयतांपैकी एकाच्या रक्तात साखर वाढलेली आढळली. मधुमेहामुळे आमच्या घरातील एका वडीलधाऱ्यांचा पाय कापावा लागला होता. त्यामुळे अहवाल हाती येताच आम्ही घाबरलो. डॉक्टरांनी पथ्याबरोबर एक साधे काम दिले. ते म्हणाले, "एक वही आणा आणि तोंडात जाईल ते सर्व लिहा. मी ती पाहणार नाही, ती तुमच्यासाठीच आहे." आम्ही दोघांनीही लिहायचे ठरवले.

पहिल्या आठवड्याची पाने वाचून कुणालाही वाटले असते की, या घरात दोन संत राहतात. दोन चपात्या, वाटीभर वरण, भाजी, ताक. मिस्साहून परतताना घेतलेली जिलेबी, मुलांच्या ताटात उरले म्हणून संपवलेला भात, रात्री फ्रिजपुढे उभ्याउभ्या खाल्लेला केकचा तुकडा, यांपैकी एकाचीही नोंद नव्हती. वही कुणीच वाचणार नव्हते. मग आम्ही लपवत कुणापासून होतो?

या प्रश्नाने आम्हाला अस्वस्थ केले. खोटे बोलायला ऐकणारा कुणीतरी लागतो. इथे बोलणारे आम्ही आणि ऐकणारेही आम्हीच!

हे केवळ आमचेच दुखणे नाही. १९९२ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 'आम्ही कमी खातो, तरी वजन उतरत नाही' असे सांगणाऱ्या काही जणांची त्यात तपासणी केली होती. त्यांनी नोंदवलेला आहार प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी निघाला. ही माणसे लबाड होती, असे आम्हाला वाटत नाही. गैरसोयीचे तेवढे विसरायला मन फार लवकर शिकते. उलट, २००८ साली अमेरिकेतच सुमारे १,७०० लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज नोंद ठेवणाऱ्यांचे वजन, नोंद न ठेवणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे दुप्पट उतरले होते.

संत इग्नाशियस लोयोला यांना मनाची ही खोड ठाऊक होती. त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाला १५४८ साली पोपमहोदयांची मान्यता मिळाली. एखादा दोष घालवायचा असेल तर दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण करावे, जितक्या वेळा चूक झाली तितके ठिपके रेघेवर काढावेत आणि कालच्या रेघेशी आजची ताडून पाहावी, असे त्यांनी सुचवले आहे. जेवणाविषयीही त्यांनी नियम दिले आहेत. त्यांतील एक अगदी व्यवहारी आहे: पुढच्या जेवणात किती खायचे ते भूक नसताना ठरवावे. पातलीपाड्याच्या सिग्नलवर पोटात कावळे ओरडत असताना कुणाचाही निश्चय टिकत नाही. म्हणून आम्ही सकाळीच पिशवीत भाजलेले चणे ठेवू लागलो.

पुढे दुसरी चूक झाली. आम्ही एकमेकांच्या वह्या तपासू लागलो. "हे का खाल्लेस?" "ते का लिहिले नाहीस?" साक्षीदार म्हणून आणलेली वही घरात पोलीस होऊन बसली. ज्यांना खाण्याचीच भीती किंवा अपराधीपणा वाटतो, त्यांनी तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय अशी वही ठेवू नये. चूक मान्य करणे वेगळे आणि स्वतःला छळत राहणे वेगळे.

मग आम्ही तपासणी थांबवली आणि वहीत एक रकाना वाढवला: 'कुणाबरोबर?' महिन्याभरात दिसले की, जास्तीचे खाणे बहुधा एकट्याने, घाईत, कंटाळ्यात किंवा रागात झाले होते. सर्वांसोबत टेबलाशी बसून जेवलो, तेव्हा जेवण बेताचे झाले होते. भूक पोटाची होती की सोबतीची, हे वहीनेच आम्हाला विचारले.

साखर अजून पूर्ण आटोक्यात आलेली नाही. काही ओळी आजही लिहायच्या राहतात. परंतु त्या राहिल्या हे आता आम्हाला कळते, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही त्या भरतो.

प्रिय वाचकहो, आपणही या आठवड्यात एक वही घेऊन पाहा. काय खाल्ले ते लिहाच. पण जी ओळ लिहिताना पेन अडखळेल, तिथे क्षणभर थांबा. आपल्याला स्वतःविषयी जे कळायला हवे, ते बहुधा त्याच ओळीत असते.